भाऊसाहेबांचा अकरा दिवसांचा टीसी

आमच्या शाळेत कोणी मुलाचा टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागायला आलं की भाऊसाहेब त्याला आधी पाणी विचारतात, मग चहा विचारतात, मग दिल्लीची हवा यंदा कशी बिघडली आहे ते सांगतात. एवढं होऊनही माणूस टीसीवरच अडून राहिला, तर त्यांना शिक्का सापडेनासा होतो.

शिक्का समोरच असतो. पेपरवेट म्हणून.

भाऊसाहेब निमकर आमचे हेडक्लार्क. ही शाळा काढली केंद्र सरकारात नोकरीला आलेल्या मराठी बाबूंनी, क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून, सतरा मुलांवर. आता तीनमजली इमारत आहे, आठशे मुलं आहेत आणि त्यांतली मराठी जेमतेम तीस. पण प्रार्थना अजून मराठीतच होते. ती खड्या आवाजात म्हणतात पंजाबी आणि बिहारी मुलं. आमची मराठी मुलं नुसते ओठ हलवतात. हजेरीलाही ‘प्रेझेंट’ म्हणायचं नाही, ‘हजर’ म्हणायचं. आमचा एक सरदार विद्यार्थी नोएडाच्या कंपनीत मुलाखतीला गेला. नाव पुकारल्यावर हा सवयीने ‘हजर!’ म्हणून ताडकन उभा राहिला. नोकरी मिळाली म्हणे.

अशा शाळेत निम्मी मुलं बदलीवाल्यांची. आणि सरकारी बदलीबद्दल भाऊसाहेबांचं ठाम मत आहे.

“ऑर्डर निघते त्या दिवशी बदली होत नाही हो,” ते सांगतात. “त्या दिवशी फक्त धावपळ सुरू होते. बाप इथे टीसीला धावतो, आई कुणाच्या तरी ओळखीला धावते. आठ-दहा दिवसांनी आई जिंकते. ऑर्डर रद्द!”

त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी नीरज नावाच्या सहावीतल्या मुलाचा टीसी त्यांनी मागितल्या दिवशी दिला. नवीन नोकरी, नवीन हुरूप. पाचव्या दिवशी बदली रद्द झाली. पण तोवर त्या जागेवर दुसरा मुलगा बसला होता. नीरजला लांबच्या शाळेत घातलं. त्याची बस आमच्या गेटवरून सुटायची. बस येईपर्यंत तो गेटबाहेर उभा राहून आतली प्रार्थना म्हणायचा. खिडकीतून ते ऐकून भाऊसाहेबांनी नियम केला: अकरा दिवसांच्या आत टीसी नाही. नियम कुठे लिहिलेला नाही. तो शाई संपणे, मॅडम मीटिंगला जाणे आणि शिक्का हरवणे या तीन कलमांवर चालतो.

माझाही टीसी त्यांनी असाच दाबला होता. बाराव्या दिवशी बाबांची भोपाळची बदली रद्द झाली. म्हणून तर मी आज त्याच शाळेत मराठी शिकवतो.

गेल्या ऑक्टोबरात सुधन्वा राजवाडे खिडकीशी आले. ऑडिट खात्यातले, बोलायला मऊ. नागपूरची ऑर्डर होती. त्यांची केतकी नववीत, रोल नंबर चौदा. आमची शाळा तिची पाचवी. आधीच्या चार शाळांत तिने म्हणे मैत्रिणीच केल्या नव्हत्या, उगाच सोडून कशाला जायचं म्हणून. इथे मात्र ती लेझीमच्या पथकात पहिल्या रांगेत होती आणि मधल्या सुट्टीत चार मैत्रिणींचे आणि स्वतःचा असे पाच डबे एकटी संपवत होती.

भाऊसाहेबांनी राजवाड्यांना पाणी, चहा आणि हवा दिली. राजवाडे गेले, तशी केतकी आली.

“काका, बनवला नाही ना?”

“शाई संपलीय.”

“बिल्कुल मत बनाना हं, प्लीज!”

“अगं, मराठीत बोल की.”

“बनवू नका ना यार, काका.”

भाऊसाहेब हसले आणि नाही बनवणार म्हणून प्रॉमिस देऊन बसले. ‘यार, काका’ असं त्यांना चौतीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

दहा दिवस हा खेळ चालला. सकाळी बाप यायचा, दुपारी मुलगी. दहाव्या दिवशी, गुरुवारी, राजवाडे आले ते चहाला नको म्हणाले. मी हजेरीपट ठेवायला ऑफिसात गेलो होतो, म्हणून हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“भाऊसाहेब, उद्या नागपूरच्या शाळेत बोर्डाची नावनोंदणी बंद होतेय. आज टीसी नाही मिळाला, तर केतकीचं वर्ष जाईल.”

“साहेब, चार दिवस थांबा. रद्द होणार बघा.”

“नाही होणार,” राजवाडे हळूच म्हणाले. “बदली मीच मागून घेतलीय.”

भाऊसाहेबांचा हात शिक्क्यावर होता, तिथेच राहिला.

केतकीची आई चेतना नागपूरला बँकेत. तीन वर्षं घर दोन गावांत. राजवाड्यांनी अर्ज केला होता, आणि पोर रुसेल म्हणून तिला सांगितलं होतं की सरकारने पाठवलं.

“दहा दिवस गप्प का बसलात?”

“तुम्ही बोलू कुठे देत होता? हवाच सांगत होता.”

भाऊसाहेब उठले. शिक्का पहिल्या फटक्यात सापडला. शाईच्या नव्या बाटल्या खणात तीन होत्या. टीसीचं पुस्तक उघडून त्यांनी वळणदार अक्षरात रकाने भरले, आणि अर्ध्या तासात तयार होणारा टीसी बघायला स्टाफरूम दारात जमली. प्राचार्या वृंदा मॅडम मात्र आज खरोखरच मीटिंगला गेल्या होत्या, कस्तुरबा गांधी मार्गावर. सहीचा प्रश्न.

मग भाऊसाहेबांनी ते केलं, जे त्यांनी कोणालाही कधी करू दिलं नव्हतं. टीसीचं पुस्तक शाळेबाहेर नेलं. बायकोच्या भाजीच्या पिशवीत घालून, मेट्रोत पोटाशी धरून. मीटिंगमधून चहाला बाहेर आलेल्या मॅडम पुस्तक बघून म्हणाल्या, “भाऊसाहेब, शाळेला आग लागली का?”

“नाही मॅडम, माझी चूक झालीय. सही करा.”

सही झाली, पण एक रकाना त्यांनी रिकामाच ठेवला होता. शाळा सुटायच्या आधी ते परत आले, तेव्हा राजवाडे बाकावर होते आणि केतकी लेझीम हातात घेऊन दारात. पिशवीतून पुस्तक निघालेलं पाहून तिचा चेहरा पडला.

“काका, तुम्ही प्रॉमिस केलं होतं.”

“केलं होतं. चुकलो.” त्यांनी पुस्तक टेबलावर उघडलं. “शाळा सोडण्याचं कारण. इथे मी नेहमी ‘वडिलांची बदली’ लिहितो, न विचारता. आज विचारतो. साहेब, सांगा. मला नको, तिला सांगा.”

राजवाड्यांनी सांगितलं. अडखळत, जमिनीकडे बघत. अर्ज त्यांनीच केला, जूनमध्येच केला, आणि दर रविवारी आईचा फोन ठेवल्यावर केतकी बाथरूमचा नळ सोडून रडते हे त्यांना माहीत आहे.

केतकीने हातातली लेझीम टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “पप्पा, तुम्ही आधीच का नाही सांगितलं? मला वाटलं, सरकार वर्षभरात तिथूनही हलवणार. म्हणून तर मी काकांना रोज थांबवत होते ना!”

“बघा,” भाऊसाहेब म्हणाले, “दहा दिवस मी दोन्हीकडून मूर्ख.”

ती रडता रडता हसली. “लिहा. आईकडे जायचंय.”

भाऊसाहेबांनी ते जसंच्या तसं लिहिलं. बोर्डाच्या कुठल्याही नियमात असं कारण बसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी टीसी पुस्तकातून फाडून काढला, फुंकर घालून वाळवला आणि तिच्या हातात दिला.

“एक सांगतो, लॅमिनेशन करू नकोस. लॅमिनेट केलेला कोणी घेत नाही. आणि तिथे हजेरीला काय म्हणशील?”

“हजर.”

नववीच्या, म्हणजे माझ्याच वर्गाच्या, हजेरीपटात मार्चपर्यंत चौदा नंबर कोणाला द्यायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. मी रोज तेराव्यानंतर पंधरावा पुकारतो. मधल्या जागी मागच्या बाकावरची कार्टी कधीकधी ‘नागपूर!’ म्हणून ओरडतात, आणि मी ते ऐकलं नाही असं दाखवतो.