बाळ्याची मूठ आणि नवारीचे पट्टे

व्यायामशाळेतले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. कोपऱ्यात गंजक्या प्लेट्स जमतात ना, तसे ते आपोआप जमत जातात. आमच्या ग्रुपमध्ये कुणाचंही लग्न असो, बारसं असो, पंगतीत एकजण नुसतं म्हणतो, "बाळ्या, पट्टे आणलेस का रे?" की संपलं! जिलबी तशीच राहते आणि सगळे एकदम बोलायला लागतात. त्यात निम्मं चुकीचं सांगतात आणि मला ओरडावं लागतं, "अरे गप, मी तिथे होतो!" म्हणून आज मीच सांगतो. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीला म्हशींच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक शेड होती, तीच आमची व्यायामशाळा. चालवायचे तावडे सर. वय पन्नाशीचं, अंगात पांढरी बनियन, खाली खाकी हाफ पँट आणि आयुष्यात मत एकच, "मूठ नाय तर काय नाय!"

आमचा बाळ्या तेव्हा बी. कॉम. होऊन घरी बसलेला. वडील मालवणकडचे, गिरणी कामगार. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेही घरी. आणि अशात एका मोठ्या ऑफिसात खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा निघाली. पॉवरलिफ्टिंगच्या टीमसाठी. अट सरळ होती, एकशे पंचाहत्तर किलोचा बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं. जमलं तर नोकरी, नाहीतर घरी. ट्रायलला तीन महिने होते.

बाळ्याची पाठ म्हणजे दरवाजा! पाय खांबासारखे! पण बोटांची वाट लागलेली. एकशे चाळीसच्या पुढे गेला की मूठ उघडायची आणि बार धाडकन खाली. प्रत्येक वेळी शेजारच्या गोठ्यातून म्हशी ओरडायच्या.

*

एक दिवस बाळ्याला रद्दीवाल्याकडे फॉरेनचं एक मासिक मिळालं. त्यात एका गोऱ्या पैलवानाने मनगटाला पट्टे बांधून तेच बारभोवती गुंडाळले होते. बाळ्या नाचतच आला. "पक्या, हे बघ! मूठ सुटली तरी बार सुटत नाही! झकास ना?"

आता पट्टे आणायचे कुठून? घरात नवारीच्या जाड पट्ट्यांनी विणलेली खाट होती. पठ्ठ्याने कात्री घेतली आणि बरोब्बर मधली नवार कापली! वर मला म्हणतो, "दोन हातच तर कापली यार, कोणाला कळतंय!"

दुसऱ्या दिवशी कणकवलीहून त्याचा मामा आला. मामा म्हणजे दोन सीटचा माणूस. बांगड्याचं कालवण, भात, वर सोलकढी असं दाबून जेवला आणि "जरा पडतंय" म्हणत खाटेवर आडवा झाला. कर्रकन आवाज आला. आम्ही धावत आत गेलो तर वर फक्त डोकं आणि दोन पाय! मधला मामा जमिनीवर!

खाटेखालून आवाज आला, "रे बाळग्या, ही खाट आसा काय झोळी?"

*

पण पट्ट्यांनी काम केलं हं! त्याच संध्याकाळी बाळ्याने एकशे ऐंशी उचलले. आम्ही शिट्ट्या मारल्या, एकाने तर डबा वाजवला. मी बाळ्याला मिठीच मारली.

तावडे सर शांतपणे कोपऱ्यातून उठले. बार बघितला, पट्टे बघितले.

"छान! म्हणजे नोकरी पट्ट्याला लागणार. तू काय करणार?"

ट्रायलला पट्टे चालत नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलत कोणी नव्हतं. तरी बाळ्या ऐकेना. "सर, आधी पाठ तयार होऊ दे, मुठीचं बघू नंतर." झालं! व्यायामशाळेत दोन पार्ट्या पडल्या, पट्टा पार्टी आणि मूठ पार्टी. चहासुद्धा वेगळ्या टपऱ्यांवर प्यायचो. मी पट्टा पार्टीत होतो, लपवत नाही. तेव्हा मला अक्कल कमी होती.

*

सरांच्या मुठीचं एक सांगायचं राहिलं. नवीन बाकाच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. सफारी सूट, बोटात तीन अंगठ्या. सरांनी प्रेमाने हात मिळवला. पुढारी हसत होते, मग हसता हसता थांबले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाषणात म्हणाले, "इथलं प्रेम बघून मला भरून आलंय." नारळ त्यांनी डाव्या हाताने फोडला. म्हणजे फोडायचा प्रयत्न केला. सहाव्या वेळी सरांनीच फोडून दिला.

*

पट्टा पार्टी कशी संपली ते ऐका. बाळ्या शहाणा! नुसते पट्टे गुंडाळून भागेना म्हणून तो वर गाठ मारून घ्यायला लागला. एक गाठ मी मारायचो, दुसरी तो दाताने.

एका सकाळी तो बारला असा करकचून बांधलेला असताना बाहेर कोणीतरी ओरडलं, "शूटिंग आलंय रे! हिरोईन पण आहे!" सगळी व्यायामशाळा रिकामी! मीसुद्धा पळालो. आता मित्र म्हणून मला लाज वाटते, पण हिरोईन खरंच होती.

इकडे घामाने गाठी भिजून घट्ट झालेल्या. बाळ्या दोन्ही हात बारला बांधून गुडघ्यावर बसलेला. "पक्या! पक्या!" ओरडतोय. पक्या आला नाही, म्हैस आली. दोर तुटलेली एक म्हैस थेट शेडमध्ये शिरली. तिने बाळ्याकडे नीट बघितलं आणि त्याचा खांदा चाटायला सुरुवात केली. घामाचं मीठ लागलं ना तिला! आधी उजवा खांदा, मग डावा, मग तोंड. बाळ्याला हात हलवता येईना. पोरगा नुसता "हट्! हट् गं!" करतोय आणि म्हैस म्हणजे उन्हाळ्यात कुल्फी मिळाल्यासारखी.

अर्ध्या तासाने आम्ही परतलो तेव्हा गोठ्यातला गवळी विळ्याने पट्टे कापत होता आणि कपाळाला हात लावून म्हणत होता, "अरे भैया, हम तो भैंस को भी ऐसे नहीं बाँधते!"

बाळ्याने तोंड धुतलं आणि सरळ सरांसमोर जाऊन उभा राहिला. "सर, मूठ शिकवा."

*

सरांचा पहिला डोस होता कपडे पिळायचा. रोज सकाळी चाळीच्या नळावर बाळ्या घरच्या चादरी पिळायला लागला. दोन दिवसांत बायकांची रांग! "बाळ्या, एवढी गोधडी पण पीळ रे बाबा." "बाळ्या, आमचा पडदा राहिला." पावसाळ्यातसुद्धा आमच्या चाळीचे कपडे दुपारपर्यंत वाळायचे. शेजारच्या चाळीला संशय आला की आमच्याकडे मशीन घेतलंय.

मग एकदा जोर जास्त झाला आणि शेवंताकाकूंचं नवंकोरं लुगडं टर्रकन फाटलं. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मेल्या, नऊवारी लुगडं दिलं होतं, दोन पाचवारी नव्हत्या मागितल्या!" बाळ्या मात्र खूश. ते फाटकं लुगडं घेऊन सरांना दाखवायला पळाला!

*

तरी एकशे साठवर गाडी अडली. सर त्याला होडीने गोराईला घेऊन गेले, मीही गेलो. तिथे त्यांच्या ओळखीची मार्थामावशी होती. साठीची, वाळलेल्या कोळंबीएवढी बारीक, मासेमारीच्या होडीचा दोर ओढत होती. सर म्हणाले, "जा, मावशीला मदत कर."

बाळ्याने ऐटीत दोर धरला. लाटेने होडी मागे गेली, दोर सर्रकन निसटला आणि बाळ्या चिखलात बसला. मावशीने तोच दोर एका हाताने थांबवला आणि त्याचा हात उलटा करून बघितला.

"ही बोटं हायेत का बोंबील रं?"

मी हसून हसून वाळूत लोळलो. पण म्हातारीने मग त्याला दाखवलं. दोर तळव्यात घ्यायचा नाही, बोटांच्या मुळाशी घ्यायचा आणि अंगठ्याने वरून कुलूप लावायचं. तावडे सर घसा फोडून हेच सांगत होते, पण बोंबील म्हटल्यावर डोक्यात शिरलं! पुढचे सगळे रविवार बाळ्याने गोराईला दोर ओढले. परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची सीट कायम रिकामी. मी मागे बसायचो, नाक दाबून.

*

आता ट्रायलचं. ठिकाण अंधेरी, एका शाळेचा हॉल. बाळ्याचे बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते.

तीन संधी. पहिल्या खेपेला एकशे साठ आरामात गेले. दुसऱ्या खेपेला एकशे पंचाहत्तर लावले, बार गुडघ्यापर्यंत आला आणि उजव्या हाताची बोटं उघडली. धाडकन! मी डोळेच मिटले. राहिली एकच संधी.

बाळ्याने खडूची पूड चोळली, बार बोटांच्या मुळाशी घेतला, अंगठ्याने कुलूप लावलं. बार हलला. गुडघा गेला. मांडी गेली. बाळ्या ताठ उभा! पंचांनी हात खाली केला, बाळ्याने बार टेकवला आणि आमच्या ग्रुपने जो काय आरडाओरडा केला! तावडे सर रडत होते आणि "डोळ्यात खडू गेला" म्हणत होते.

ऑफिसचे साहेब घाईत होते. "आजच नावं पाठवायचीत, फॉर्मवर सही करा." बाळ्याने पेन घेतलं. पेन पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. बोटं अशी आकडली होती की सरळही होईनात आणि मिटेनातही. क्लार्क वैतागला, त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा लावा. शिक्षण?"

"बी. कॉम.," बाळ्या म्हणाला.

क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. मी बाबांकडे बघितलं, आणि माझं हसू गेलं. बाबांनी आयुष्यभर गिरणीच्या कागदांवर अंगठाच लावला होता. "माझ्या घरात परत अंगठो नको" असं म्हणत त्यांनी ह्या पोराला कॉलेजात घातलं होतं, ते सगळ्या चाळीला माहीत होतं. बाळ्याही खाली मान घालून उभा राहिला. पॅडला हात लावेना.

बाबा उठले. टेबलाशी आले. पोराचा हात धरून त्याचा अंगठा त्यांनी शाईत बुडवला आणि हळूच म्हणाले,

"असो नुसतो दाबू नको रे. ह्या बाजूसून त्या बाजूक लोळव. मगे ठसो बरो उठता."