काकांची तहान

वाशीमच्या बँकेत नोकरी लागली आणि मी आसेगावहून खोली शोधायला आलो. स्टँडसमोरचे पानठेलेवाले काका खोल्या दाखवतात, असं कळलं. ठेला शेजाऱ्यावर सोपवून ते मला स्कूटरवर गल्लोगल्ली हिंडवू लागले. भाडं, नळ, पार्किंग यातलं काहीच विचारत नसत. दारात उभं राहिलं की एकच, "बाई, दोघाले पानी द्या बरं जरासं." स्कूटरच्या हुकाला भरलेली बाटली लटकत असे. या माणसाला तहान तरी किती लागते, याचं मला कुतूहल वाटे.

एका चकचकीत कॉलनीत घरमालकीणबाईंनी आधी माझं आडनाव विचारलं. आमच्याकडे आडनावावरून जात कळते. मी सांगितलं. काकांना स्टीलच्या गिलासात पाणी आलं, मला कागदी कपात. काकांनी गिलास तसाच ओट्यावर ठेवला.

"चाला."

"खोली तर चांगली होती," मी बाहेर येऊन म्हणालो.

"खोली चांगलीच हाय. पन मले तहान नोयती."

मग जुन्या वस्तीतलं एक घर. तिथल्या बाईनंही आडनाव विचारलं, ऐकलं आणि माठातून एकच तांब्या भरून आणला. काकांनी तो माझ्या हातात दिला. मी सवयीनं वरून धार धरली, तर निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

"तोंड लावून पे ना बापा," बाई खेकसली. "वरून कायले?"

उरलेलं पाणी काका त्याच तांब्याला तोंड लावून प्याले. मिशा पुसल्या आणि मला म्हणाले, "सामान कवा आनता?"