ठासणीच्या बंदुकीला माणूस हवा

माझं लग्न सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, एका बैठकीत ठरवलं. बंदुकीसाठी मात्र महिने उलटले तरी त्यांना माणूस पसंत पडेना! नेमबाजी क्लबवाले बंदुकीचा परवाना असलेले एकेक पाठवायचे, मी चहा करायची, बाबा नाक मुरडायचे.

बाबा जन्मभर लेथवर खुर्च्यांचे पाय घडवत आले. सुट्टीच्या दिवशी क्लबच्या मैदानावर नेमबाजी. आता हात थरथरायला लागले, तेव्हा स्वतःच म्हणाले, "चांगल्या हातात पडली की मी सुटलो." मला धास्ती वेगळीच होती. चहा पिऊन, कप विसळून ठेवून बाबा परत विचारायचे, "सूनबाई, आज चहा नाही का?" नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, वय झालं, चालायचंच. चालायचंच काय? दिवसभर घरात तो असतो की मी?

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि लांब गजाने ठासायची; चाप ओढल्यावर दारू पेटवणारी छोटी टोपी मागे बसवायची ती अगदी शेवटी. भरलेली की रिकामी, बाहेरून कळत नाही. गज आत सोडून बघायचा. तळाला टेकला, म्हणजे त्यावरच्या खुणेपर्यंत गेला, तर रिकामी. बाबांची परीक्षा एवढीच. बंदूक हातात द्यायची, गप्प बसायचं. आधी गज सोडणारा पास.

एकही पास होईना. एक हॉटेलवाला ती भिंतीवर कुठे शोभेल ते बोलत बसला. दातांच्या डॉक्टरांनी तर खांद्याला लावून थेट माझ्यावरच रोखली, चाप ओढला आणि "ठो!" म्हणून हसले. माझ्या हातात चहाचा ट्रे. मेल्याला चहा दिला नाही मी.

मग ती आली. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करते, बोलणं बेताचं. तिने बंदूक घेतली, तोंड छताकडे धरलं आणि काही न विचारता गज आत सोडला. बाबांनी मला कोपराने ढोसलं. चेहरा असा फुलला होता की बस! मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

ती मात्र गजाकडे बघतच राहिली.

"काका, ही भरलेली आहे."

"शक्यच नाही," बाबा हसले. "माझी बंदूक भरलेली कधीच नसते."

त्यांनी गज स्वतः सोडून बघितला. पुन्हा काढला, पुन्हा सोडला. खूण वरच राहिली. मग त्यांना आठवलं, की बहुधा आठवलं, कोण जाणे: शेवटच्या वेळी मैदानावर भरून झाली आणि हात इतके कापायला लागले की टोपी न बसवताच ते घरी निघून आले. तेव्हापासून ती आमच्या कपाटात तशीच होती.

टोपी नव्हती म्हणून मी जिवंत. मी डॉक्टरांना शिव्या घालत होते, आणि भरलेली बंदूक त्यांच्या हातात आमच्याच घरच्या माणसाने दिली होती.

"आत्ता काही होणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "क्लबमध्ये नेऊन गोळी काढू." तिने क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"हिच्या नावावर करा," सेक्रेटरी घरी येताच बाबा म्हणाले. "आजच घेऊन जा. माझ्या घरात नको." किमतीचा विषय कुणी काढलाच नाही. जाताना ती बाबांच्या पाया पडली, आणि बाबांनी बंदुकीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दार लावून मी आत आले. इतके महिने शोधलेला माणूस मिळाला होता, आणि बाबा खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसले होते.

"सूनबाई, आणखी काय काय विसरतो गं मी?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

"लपवू नकोस," ते म्हणाले. "भीती वाटते मला."

मी स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले.