टांग्यात बसली की उतरली?

ठमाबाईने चंद्रविलास टॉकीजमध्ये जेवढे सिनेमे पाहिले, तेवढे तिच्या गावात कुणी पाहिले नसतील. पण एकाचाही शेवट तिला ठाऊक नव्हता. त्याला कारण दयाराम. टॉकीज तालुक्याच्या बाजारात, ठमाबाईचं मिठागराचं गाव खाडीपलीकडे, आणि होडी एकट्या दयारामची. दिवेलागणीला त्याची शेवटची खेप; तो देवासाठीही थांबायचा नाही. दुपारचा खेळ ऐन रंगात आला, की नवरा, मोरू, तिला कोपराने ढोसायचा. "ऊठ ठमे, होडी सुटंल."

राहिलेला सिनेमा मग होडीत व्हायचा. मोरू उभा राहून शेवट रचायचा. नायकाचं लग्न लावायचा, खलनायकाला भर उन्हात मीठ ओढायला लावायचा. बाजारकरणी टोपल्या बडवून दाद द्यायच्या. पलीकडचा धक्का आला की मोरूचा पडदा पडायचा.

एकदाच बिनसलं. सिनेमातली सून सासूच्या छळाला कंटाळून घर सोडते. दारात टांगा उभा, तिचा एक पाय पायरीवर, नवरा उंबऱ्यात... आणि यांना उठावं लागलं. होडीत मोरू म्हणाला, "नवऱ्यानं हाक मारली, ती उतरली."

"न्हाय," ठमाबाई म्हणाली. "ती बसली नि गेली. मी असते तं मीपन गेले असते."

होडी खदखदून हसली. मोरू मात्र त्या रात्री नीट जेवला नाही. तेव्हापासून घरात भांडण झालं, की तो विचारायचा, "टांगा बोलवू?" आणि ती म्हणायची, "बोलवा!" एवढ्यावर भांडण मिटायचं. पण ती बाई बसली की उतरली, हे काही मिटलं नाही. पुढे टॉकीजला कुलूप लागलं, खाडीवर पूल आला, दयाराम गेला, मिठागरं बुजली. मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवू लागला.

परवा नात कल्पिता सांगत आली. चंद्रविलास पुन्हा उघडलंय. सज्ज्यावरचे चुन्याचे मोर रंगवलेत, लाकडी खुर्च्या पॉलिश केल्यात, पडदा उघडण्याआधी घंटासुद्धा होते. रविवारी जुना सिनेमा लावतात. या रविवारी तोच, टांग्याचा!

"माझे गुडघे दुखतान," मोरू म्हणाला.

"घाबरता व्हय?" ठमाबाई ठेवणीतलं लुगडं काढत म्हणाली. "हरलात तं रडू नका."

तिसरी घंटा झाली, तांबडा मखमली पडदा सरकला, आणि ठमाबाई पहिल्यासारखी खुर्चीच्या काठावर सरकून बसली. सासू पडद्यावर आली, तेव्हा तिने पूर्वीसारख्याच शिव्या घातल्या. पुढच्या रांगेतल्या पोरी खुसखुसल्या. मग टांगा आला. सुनेने पायरीवर पाय ठेवला.

आणि म्हातारा-म्हातारी, दोघंही उठून उभे! मोरू अंधारात चपला चाचपडत होता.

"ओ आजोबा, दिसत नाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

कल्पिताने दोघांना ओढून बसवलं. "आजी, होडी नाही आता! बस ना गं!"

ठमाबाईने मोरूचं मनगट पकडलं. पडद्यावरची सून टांग्यात बसली. "बगा!" ती कुजबुजली. नवऱ्याने हाक मारली. "बग!" मोरू म्हणाला. पण ती उतरली नाही. टांगा निघाला. मोरूचं मनगट गार पडलं. आणि मग पडद्यावरचा नवरा धावत आला, चालत्या टांग्यात चढला आणि बायकोशेजारी बसला. घर मागे राहिलं. पडदा पडला.

थिएटरभर टाळ्या.

रिक्षात बसल्याबसल्या मोरू उसळला. "ह्यो काय शेवट झाला? आन् म्हातारीला जेवायला कोन घालील?"

"तिचे हात मोडले हायेत का?"

"ठमे, आय हाय ती त्याची! चार दिवसांनी तो परत येनार, मी सांगतो. टांगेवाला निरोप आनतो, म्हातारीनं अंथरून धरलाय..."

"मंग?" ठमाबाई सरसावून बसली.

पुलाचे दिवे भराभर मागे पळत होते. खाडी सरत आली होती, आणि मोरूच्या गोष्टीतली म्हातारी तर अजून अंथरुणातच होती.

"रिक्षा थांबव रे," ठमाबाई म्हणाली. "आमी चालत येतो."

"आजी, गुडघे!" कल्पिता म्हणाली.

मोरू केव्हाच उतरला होता, आणि तिला उतरवायला हात पुढे करून उभा होता.