पालथं पडण्याआधीचा प्रश्न

आंबेहळदीच्या लेपाचा वास आला की मला आईचा एक प्रश्न आठवतो. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. फौजेतून रजेवर आलेले वडील उसाच्या गाडीवरून घसरले आणि त्यांची पाठ धरली. रजा संपत आलेली, म्हणून आईनं त्यांना माधवनगरच्या हाडवैद्याकडं नेलं. "एका झटक्यात मोकळी करतो," तो म्हणाला. वडील शर्ट काढून पालथे पडले. आईनं त्याला विचारलं, "आवं, आजवर कुनाला हात न लावता परत धाडलंय का तुमी?" तो हसला. "एकालाबी न्हाई!" आई वडिलांना म्हणाली, "उठा, शर्ट घाला." मग आम्ही औंधच्या एका म्हाताऱ्या हाडवैद्याकडं गेलो. त्यालाही तिनं तेच विचारलं. "लय जनास्नी," तो म्हणाला. त्यानं वडिलांना पायाचा अंगठा उचलायला सांगितला, अंगठा उचलेना. "ही पाठ माज्या हातची न्हाई. मिरजंच्या डाक्टरला दावा." वडील चिडले, "मग हितवर कशाला आणलंस?" आई म्हणाली, "ह्येच ऐकाया." मिरजेत वडील बरे झाले, पण पुढं घरात कुणाचाही पाय मुरगळला की आम्ही त्या म्हाताऱ्याकडंच जायचो. परवा माझी कंबर धरली. शहरातल्या चकचकीत दवाखान्यात टेबलावर पालथा पडून मी आईचा प्रश्न विचारला. "छे, कुणालाच नाही," डॉक्टर हसून म्हणाले. मी उठून शर्ट घातला.