पार्टटाइम म्हणजे एकपर्यंत

ऑफिसात नोकरी असली की साहेबाच्या नावाने बोटं मोडायला बरोबरीची चार माणसं असतात. मी बिबवेवाडीत घरी बसून काम करते, त्यामुळे माझे किस्से पोटातच साचतात. आज ऐकाच.

नारायण पेठेतले भावेकाका मसाले आणि भाजणी विकतात. मी त्यांची व्हर्च्युअल असिस्टंट. ऑर्डर घ्यायच्या, कुरिअर बुक करायचं, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची, सगळं घरूनच. काका म्हणाले होते, "फुलटाइम कशाला? तेवढं कामच नाही. नऊ ते एक." मी खूश. कारण अण्णांची, माझ्या वडिलांची, स्ट्रोकनंतर वाचा गेली होती. दुपारी दोन ते तीन त्यांच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घ्यायचे होते, रोज, न चुकता.

पहिल्याच आठवड्यात अडीचला फोन. "ताई, सोलापूरचं पार्सल पोचलं का बघता? दोनच मिनिटं." अण्णा 'पा' म्हणायला ओठ मिटून बसलेले. मी उठले. ती दोन मिनिटं तीनपर्यंत चालली.

*

मी स्पष्ट सांगितलं, एकनंतर फोन नको. "बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून व्हॉइस नोट सुरू. एका दुपारी अकरा! अकराव्या नोटमध्ये विचारतात, "आधीच्या दहा ऐकल्यात ना?"

*

एकदा साडेबाराला, म्हणजे माझ्या कामाच्या वेळेत, मी त्यांना फोन केला. बरणी फुटलेली निघाली म्हणून गिऱ्हाईक भांडत होतं. काका म्हणाले, "ताई, मी पानावर बसलोय. माणसाला वेळेचं भान हवं."

डोकंच फिरलं माझं.

*

अण्णांच्या स्पीच थेरपिस्टबाईंनी मला झापलं. "व्यायाम होत नाहीयेत. स्ट्रोकनंतरचे हे पहिले महिने गेले तर पुढे फार जड जाईल." त्याच रागात मी काकांना म्हटलं, "सरळ फुलटाइम माणूस ठेवा."

"छे हो. तो निम्मा दिवस बसून राहणार. तुमचं कसं, लागेल तेव्हा हजर."

हे कौतुक होतं बरं का. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले.

*

गेल्या गुरुवारी दोनला अण्णांसमोर बसले आणि टेबलावरचा फोन वाजला. भावेकाका. मी हात पुढे केला, पण अण्णांचा डावा हात आधी पोचला आणि फोन स्पीकरवर सुरू झाला. पाच महिन्यांत त्यांच्या तोंडून 'पा' आणि 'मा' यापलीकडे काही निघालं नव्हतं.

"ताई, जरा अर्जंट होतं," काकांचा आवाज खोलीभर झाला.

अण्णांचा चेहरा लाल झाला. मान ताठ झाली. ओठ दोनदा नुसतेच हलले.

"ती... पार्ट... टाइम आहे," अण्णा म्हणाले. "ठेवा."

मग काकांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

मी फोन घेतला.

"माझे वडील," मी म्हटलं. "माझे वडील बोलतायत."