सैल बसलेली सुरी

गाईंची खुरं तासायचा संच मी बनवतो: वाकडी सुरी, पकड आणि कानस. सुरीची मूठ मुद्दाम बारीक ठेवतो. आमच्या गोठ्यात खुरं बायको तासते, तिच्याच हातावर मी ती बेतली होती. कोल्हारच्या एका डेअरीने सभासदांसाठी हा संच पसंत केला आणि मी हुरळून गेलो. अट एकच होती, हत्यारं पेटीत खुळखुळता कामा नयेत. प्रत्येकाला फोममध्ये त्याच्या मापाची खाच हवी.

चाकणचा फोमवाला फोनवर म्हणाला, "एका डिझाइनचे पाचशेच्या खाली घेत नाही. नमुना आल्यावर तीन आठवडे." मला हवे होते दोनशे. बाकीचे काय डोक्यावर घेऊन नाचू?

शेजारच्या शेडमध्ये माझा जुना मित्र विळे-कोयते बनवायचा. शिंगणापूरचा.

"आरं, उरल्यालं माझ्या नावावर टाक," तो म्हणाला. "संच तूच बनव, खर्ड्याच्या बाजारात मी इकतो. उद्या चाकणला चाललोच हाय, नमुना दे."

"आणि पळवलास तर?" मी गमतीने विचारलं.

"आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, अन् तू मला इचारतो व्हय!"

दोघंही खदखदून हसलो. मी संच त्याच्या हातात दिला.

फोम आला तेव्हा मी पहिली सुरी खाचेत ठेवली. सैल. दुसरी ठेवली, तीही सैल. फोमवाल्याला फोन लावून झाप झाप झापलं. तो शांतपणे म्हणाला, "डाय, म्हणजे कापायचा साचा, बनायच्या आत तुमच्या मित्रानेच नमुना बदलला. जाड मुठीची सुरी दिली. तुम्हीच सुधारणा केलीय म्हणाला." नवीन हवे तर पुन्हा पाचशे, पुन्हा तीन आठवडे. डेअरीला माल सोमवारी द्यायचा होता.

तसाच शेजारी गेलो. टेबलावर त्याच्या पेट्या उघड्या होत्या. बाजारातल्या तयार जाड मुठी, सुऱ्या माझ्याच घाटाच्या, खाचेत घट्ट बसलेल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"हे कोल्हारला चाललंय?"

त्याने मान वर केली नाही. "त्यांला घट्ट बसणारा माल पायजे. तुझं बी चालंल की. मुठीला कापड गुंडाळ."

इतक्या वर्षांचा मित्र, आणि मला कापड गुंडाळायला सांगत होता.

माझी एक पेटी घेऊन घरी आलो. काय झालं ते मी सांगत असताना बायकोने पेटीतली सुरी उचलून हातात धरली, दोनदा फिरवून पाहिली.

"मला तर बराबर बसती," ती म्हणाली.

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.